रॅलेच्या काळ्या सायकलीवरचे आरोप आणि त्यांना उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सायकलस्वारांच्या गटांतून आणि तिथून सोसायट्यांच्या गटांतून एक लांबलचक मजकूर गेले काही दिवस फिरत आहे. लिहिणाऱ्याचे नाव त्यावर नाही. त्याचा सारांश असा. रॅले ही सर वॉल्टर रॅले या दर्यावर्दी सरदाराच्या घराण्याची कंपनी होती आणि इंग्लंडमध्ये न खपणारे जड लोखंड ती वसाहतींच्या गळ्यात मारत असे. गिअर कशाला म्हणतात हे तिला ठाऊक नव्हते, तो शोध जपान्यांनी लावला. तारेचे ब्रेक बनवता येत नव्हते म्हणून तिने सळ्यांचे ब्रेक दिले. हलकी सायकल तिला कधी जमली नाही. भारतात रॅले म्हणून विकली गेलेली सायकल ही सुटे भाग जोडून बिल्ला ठोकलेली नक्कल होती. शेवटी चिनी सायकलींनी ही कंपनी बुडवली. एवढे सांगून झाल्यावर मजकूर सल्ला देतो की घरात आजोबांची रॅले धूळ खात पडली असेल तर ती किलोच्या भावाने भंगारात द्यावी, कारण तिच्यात जपण्यासारखे तंत्रज्ञान नाही.

माझ्या ओळखीतल्या काही घरांनी हा सल्ला मानला, म्हणून हे उत्तर लिहितो आहे. जुन्या सायकली चालवण्याची आणि त्यांची दुरुस्ती शिकण्याची मला आवड आहे. या मजकुरातली बहुतेक विधाने चुकीची आहेत, एकदोन अर्धवट खरी आहेत आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष तर मुळीच टिकत नाही.

नावाचा आणि घराण्याचा मुद्दा लवकर संपतो. नॉटिंगहॅम शहरात रॅले स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. 1880 च्या दशकात वुडहेड, अँगोइस आणि एलिस या तिघांचे सायकलींचे छोटे वर्कशॉप त्या रस्त्यावर होते आणि आठवड्याला तीन सायकली एवढाच त्याचा आवाका होता. हाँगकाँगमध्ये पैसा कमावून, पण तब्येत गमावून परतलेला फ्रँक बोडेन डॉक्टरांच्या सल्ल्याने सायकल चालवू लागला, त्याची प्रकृती सुधारली, आणि जिच्यामुळे ती सुधारली ती सायकल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्येच त्याने पैसे घातले. डिसेंबर 1888 मध्ये त्याने रॅले सायकल कंपनी स्थापन केली आणि रस्त्याचे नाव कंपनीला मिळाले. सर वॉल्टर रॅले यांचा शिरच्छेद 1618 मध्ये झाला होता. त्यांच्या घराण्याचा या कारखान्याशी संबंध नाही. हँडलखालच्या नळीवरच्या बिल्ल्यात जो बगळा दिसतो तो बोडेन घराण्याच्या मानचिन्हातला आहे.

‘वसाहतींसाठीचे लोखंड’ या आरोपाचेही तसेच आहे. 28 इंची चाके, सळ्यांचे ब्रेक, ताठ बसण्याची ठेवण आणि काळा रंग असलेली ही सायकल इंग्लंड आणि आयर्लंडमधले कामगार, पोस्टमन आणि पोलीस वापरत होते. तिचाच डीएल-1 नावाचा प्रकार अमेरिकेत 1980 च्या दशकापर्यंत विकला जात होता. नेदरलँड्समध्ये याच घराण्यातली, 28 इंची चाकांची उंच सायकल आजही लोक रोज वापरतात. श्रीमंत देशांतल्या गिऱ्हाइकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू वसाहतींसाठी बाजूला काढलेला गाळ कशी ठरते, याचे उत्तर मजकुरात नाही.

गिअरच्या मुद्द्यावर मात्र थांबावे लागेल, कारण मजकुरातला सर्वांत ठाम आणि सर्वांत चुकीचा दावा तोच आहे.

मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी एक्सलभोवती फिरणाऱ्या नळकांड्यात, संपूर्ण बंदिस्त राहणाऱ्या तीन वेगांच्या गिअरचे पेटंट इंग्लंडमध्ये 1902 सालचे आहे. त्यामागे विल्यम रायली या अभियंत्याचे काम होते आणि हेन्री स्टर्मी व जेम्स आर्चर यांची नावे त्या गिअरला लागली. हे पेटंट हाती घेऊन 1903 मध्ये उत्पादनासाठी कंपनी उभी करणारा माणूस म्हणजे तोच फ्रँक बोडेन. स्टर्मी-आर्चर ही रॅलेच्या घरचीच कंपनी होती. जपानमधल्या साकाई शहरात शिमानो कंपनी सुरू झाली 1921 मध्ये, तिचे पहिले उत्पादन होते साधे फ्रीव्हील (पायडल थांबवले तरी मागचे चाक फिरू देणारे चेनचक्र), आणि तिचा तीन वेगांचा हब बाजारात आला 1957 मध्ये. म्हणजे ज्या गोष्टीचा शोध जपानने लावला असे सांगितले जाते ती रॅले अर्धशतकाहून अधिक काळ आधी विकत होती. शिमानोचे कर्तृत्व मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. खटका दाबला की चेन नेमकी पुढच्या चक्रावर जाऊन बसावी ही सोय तिने 1984 मध्ये शर्यतीच्या सायकलींवर पक्की करून दाखवली आणि आज येऊरच्या चढावर दिसणाऱ्या बहुतेक सायकली त्याच वाटेने आलेल्या आहेत. पण गिअरचा जन्म तिथे झाला नाही. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअरही विसाव्या शतकाच्या आरंभीच फ्रान्समध्ये वापरात होते. तूर द फ्रान्सच्या आयोजकांनीच 1937 पर्यंत त्यांना शर्यतीत बंदी घातली होती.

स्टर्मी-आर्चरचा सर्वांत यशस्वी हब म्हणजे 1936 मध्ये आलेला एडब्ल्यू. तो उघडलेला पाहण्याची संधी ज्याला मिळाली आहे तो ‘रॅलेकडे तंत्रज्ञान नव्हते’ असे म्हणू शकणार नाही. मधल्या एक्सलवर 20 दात्यांचे एक चाक घट्ट बसवलेले असते, ते कधीच फिरत नाही. त्याच्याभोवती 20 दात्यांची छोटी चाके एका पिंजऱ्यात बसवलेली असतात, आणि या सगळ्यांना बाहेरून वेढणारे, आतल्या बाजूला 60 दाते असलेले एक कडे असते. चेनचा जोर पिंजऱ्याला दिला आणि कड्याने हब फिरवला, तर चेनचक्राच्या एका फेऱ्यात चाक एक पूर्णांक एक तृतीयांश फेरे फिरते; हा वरचा गिअर. उलट जोर कड्याला दिला आणि पिंजऱ्याने हब फिरवला, तर चाक पाऊण फेरा फिरते. हा चढाचा गिअर. मधल्या गिअरमध्ये कड्याला मिळालेला जोर थेट हबला जातो आणि आतली छोटी चाके भाराशिवाय नुसती फिरतात, म्हणून सपाट रस्त्यावर, जिथे आपण सर्वाधिक वेळ असतो, तिथे ताकद जवळजवळ वाया जात नाही. पुढचे चक्र 44 दात्यांचे आणि मागचे 18 दात्यांचे असेल, तर 28 इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात मधल्या गिअरला साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते, चढाच्या गिअरला चार मीटरहून थोडी अधिक आणि वरच्या गिअरला सव्वासात मीटर. पारसिकच्या टेकडीवर किंवा येऊरच्या वाटेवर ज्याने एकाच गिअरची सायकल रेटली आहे त्याला साडेपाच आणि चार यांतला फरक मांड्यांना काय वाटतो हे सांगायला नको.

हे सगळे पावसापासून बंद, चिखलापासून बंद, आणि गाडी उभी असतानाही बदलता येणारे. सिग्नलला थांबल्यावर खालचा गिअर टाकून ठेवता येतो. चेन सरकवणाऱ्या गिअरमध्ये ते जमत नाही, कारण तिथे चेन फिरत असावी लागते. तीन हात नाक्याच्या गर्दीत दर काही मीटरवर थांबावे लागणाऱ्या माणसासाठी ही सोय किती मोलाची आहे याचा विचार शर्यतीच्या सायकलींवरून मत बनवणारे लोक करत नाहीत, याची मला खंत वाटते.

‘जुना थ्री स्पीड पायडल घसरवतो आणि माणूस पाडतो’ असेही मजकुरात म्हटले आहे. यात तथ्य आहे, पण दोष हबच्या अंगचा नसून बसवणीचा असतो. एडब्ल्यूमध्ये मधला आणि वरचा गिअर यांच्या दरम्यान एक जागा अशी असते की तिथे जोर कुणालाच मिळत नाही आणि पायडल मोकळा फिरतो. तार ढिली किंवा जास्त ताणलेली असेल तर हब नेमका त्या जागी अडकतो. पोकळ एक्सलमधून एक बारीक साखळी बाहेर येते. उजव्या बाजूच्या नटला एक भोक ठेवलेले असते. गिअर मधल्या खुणेवर ठेवून त्या भोकातून पाहिले की साखळीला जोडलेल्या दांडीचे टोक दिसते, आणि ते एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत आले पाहिजे. ते आत-बाहेर असेल तर साखळीच्या शेवटी असलेला छोटा नट फिरवून तार कमी-जास्त करायची. पाना न लावता बोटांनी होणारे हे काम आहे. चराईतल्या एका सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी मला ते भोक पहिल्यांदा दाखवले, तेव्हा या हबचा विचार करणाऱ्याने रस्त्यावरच्या दुरुस्तीचाही विचार केला होता हे लक्षात आले.

मग आपल्याकडच्या बहुसंख्य काळ्या सायकलींना गिअर का नव्हता? थ्री स्पीड हब जादा पैसे देऊन मिळणारी वस्तू होती, आणि दूधवाला, पाववाला, गिरणीकामगार किंवा शाळामास्तर यांच्या ऐपतीत साधे फ्रीव्हील बसत होते. आपली शहरे समुद्राकाठच्या सपाटीवर वाढली, त्यामुळे गरजही कमी भासली. रॅलेला गिअर येत नव्हता म्हणून तो दिला नाही हे म्हणणे आणि गिऱ्हाइकाने घेतला नाही हे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ब्रेक. मजकूर म्हणतो की तारेचा ब्रेक बनवण्याचे ज्ञान नव्हते म्हणून सळ्या वापरल्या. वस्तुस्थिती अशी की बाहेरच्या गुंडाळीदार नळीतून सरकणाऱ्या तारेचे पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन याने 1896 मध्ये घेतले. हा बोडेन रॅलेचा मालक नव्हे, आडनाव मात्र तेच असल्याने दोघांची गल्लत नेहमी होते. पण त्या पेटंटसाठी स्थापन झालेल्या कंपनीत फ्रँक बोडेनचे भांडवल होते. तारेच्या ब्रेकमध्ये ज्याचे पैसे गुंतले होते त्याच्या कारखान्याला तो ब्रेक माहीत नव्हता असे म्हणणे शक्य नाही. रॅलेच्याच 26 इंची ‘स्पोर्ट्स’ सायकलींना तारेचे ब्रेक असत. म्हणजे एकाच छपराखाली दोन्ही प्रकार तयार होत होते आणि कोणत्या सायकलीला कोणता द्यायचा हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

तो विचार सळ्यांच्या ब्रेकची रचना पाहिली की कळतो. हँडलखालचा लिव्हर दाबला की सळ्या आणि कोपऱ्यावरचे सांधे यांच्यामार्फत रिकिबीच्या आकाराचे एक कडे वर ओढले जाते आणि त्यावरचे रबरी गुटके रिमच्या आतल्या, म्हणजे एक्सलकडे तोंड केलेल्या पृष्ठभागावर घासतात. त्यासाठी रिमही खास, वेस्टवूड नावाची, मधल्या तारांच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना घासण्यासाठी सपाट जागा ठेवलेली असते. तारेच्या ब्रेकचे गुटके रिमच्या दोन बाजूंवर आवळतात, म्हणून खड्ड्यात आपटून रिम डावी-उजवीकडे वाकली की चाक ब्रेकला घासू लागते आणि आधी आउट काढल्याशिवाय सायकल चालत नाही. सळ्यांच्या ब्रेकला बाजूचा आउट बराच चालतो. शिवाय सळी तुटत नाही, तिच्यात पाणी शिरून ती गंजून अडकत नाही, आणि वाकली तर हाताने सरळ करता येते. खाडीच्या खाऱ्या हवेत तारा किती लवकर गंजतात हे ठाणे, कळवा, ऐरोली किंवा वाशीत सायकल बाहेर ठेवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

या ब्रेकची कमतरता लपवण्याचे कारण नाही. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम पावसात ओली झाली की रबराची पकड फारच कमी होते, आणि मागे ओझे असेल तर थांबायला लागणारे अंतर भीती वाटावी इतके वाढते. मागचे चाक काढायला-बसवायलाही वेळ लागतो. पावसाळ्यात येऊरचा उतार या सायकलीवर उतरू नये, असेच मी कोणालाही सांगेन. आजची ॲल्युमिनियमची रिम आणि डिस्क ब्रेक यांनी ही अडचण खरोखर सोडवली आहे. पण नंतरच्या काळात अधिक चांगला उपाय सापडला म्हणून आधीचा उपाय अज्ञानातून आला होता असे ठरत नाही.

वजनाच्या आरोपात आकडा खरा आहे आणि अर्थ खोटा. अशी सायकल सुमारे 20 किलोची असते. हलकी सायकल जमत नव्हती हे मात्र असत्य आहे. 1893 मध्ये शिकागो इथे झालेल्या पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत विजयी ठरलेला अमेरिकन सायकलपटू झिमरमन रॅले चालवत होता. बोर्दो ते पॅरिस ही शर्यत 1891 मध्ये, पहिल्याच वर्षी जिंकणारा जी. पी. मिल्स पुढे रॅलेच्या कारखान्यात रचनेचे काम पाहत होता. त्या काळात ओतीव जोडांऐवजी पोलादी पत्रा दाबून बनवलेले जोड वापरणे ही रॅलेची ओळख बनली आणि कंपनी ‘संपूर्ण पोलादी सायकल’ अशी स्वतःची जाहिरात करू लागली. आणि 1980 ची तूर द फ्रान्स जिंकणारा डच सायकलपटू यूप झूटेमेल्क टीआय-रॅले संघाचा होता (टीआय म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, रॅलेची तेव्हाची मालक कंपनी). त्या संघाच्या सायकली कंपनीच्या इल्कस्टन येथील खास विभागात रेनॉल्ड्सच्या पातळ नळ्यांतून बांधल्या जात आणि त्यांचे वजन 10 किलोंच्या आसपास असे.

काळ्या सायकलीला मात्र ते वजन मुद्दाम दिलेले आहे. जाड भिंतीच्या नळ्या, हँडलच्या नळीचा 65 ते 68 अंशांचा आडवा कोन (शर्यतीच्या सायकलीत तो 73 च्या आसपास असतो), पुढे लांब वाकवलेला चिमटा आणि दोन चाकांमधले मोठे अंतर यांमुळे खडीच्या रस्त्याचा धक्का मनगटापर्यंत पोचेतो बराच जिरतो आणि मागे ओझे असतानाही सायकल सरळ चालते. नौपाड्यात पहाटे पावांच्या लाद्यांनी भरलेली पेटी घेऊन येणाऱ्याची सायकल पाहावी. तो भार शर्यतीच्या सायकलीच्या मागच्या नळ्यांवर रोज लादला तर त्या किती दिवस टिकतील याचा अंदाज कोणीही करू शकेल. पोलादाचा आणखी एक गुण असा की ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते थकून तडकत नाही, ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. पोलादी नळी तुटलीच तर ब्रेझिंग (पितळ वितळवून जोड देणे) येणारा कोणताही कारागीर ती जोडू शकतो, आणि वागळे इस्टेटच्या आसपास असे हात आजही सापडतात.

वजनामुळे किती त्रास होतो याचा हिशेबही करता येतो. 65 किलोचा माणूस 20 किलोच्या सायकलीवर आणि तोच माणूस 12 किलोच्या सायकलीवर 100 मीटर उंची चढला, तर 8 किलो जादा वजन वर नेण्याचे काम सुमारे 8 किलोजूल होते. स्नायू खर्च केलेल्या उर्जेचा साधारण चौथा भागच कामात आणतात असे धरले तरी जादा खर्च सात-आठ किलोकॅलरींच्या घरात येतो. एकूण चढाच्या कष्टात ही वाढ सुमारे दहा टक्के. शर्यतीत दहा टक्के म्हणजे जिंकणे आणि हरणे, हे मान्य. पण तलावपाळीवरून जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन भाजी आणणाऱ्याला सपाट रस्त्यावर, जिथे प्रतिकार मुख्यतः हवेचा आणि टायरचा असतो, हा फरक फारसा जाणवणार नाही. टायरमध्ये हवा कमी असणे त्याला याहून अधिक दमवते.

भारतातली रॅले नकली होती, हा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण तो आपल्याच कामगारांवर आहे. कोलकात्याचे सुधीरकुमार सेन परदेशी सायकलींच्या व्यापारात होते. स्वातंत्र्यानंतर त्यांनी नॉटिंगहॅमच्या कंपनीशी रीतसर करार करून सेन-रॅले ही कंपनी काढली आणि आसनसोलजवळ कन्यापूर इथे तिचा कारखाना उभा राहिला. तिथे रॅले, हंबर, रज अशा नावांच्या सायकली तयार झाल्या. हंबर आणि रज ही नावे मूळ कंपनीने अनुक्रमे 1932 आणि 1943 मध्ये विकत घेतलेली होती, त्यामुळे ती वापरण्यातही काही गैर नव्हते. चेन्नईजवळ अंबत्तूर इथे मुरुगप्पा समूह आणि बर्मिंगहॅमची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांनी 1949 मध्ये टीआय सायकल्स स्थापन केली आणि हर्क्युलिस तिथून बाहेर पडू लागली. पुढे सायकलीला लागणाऱ्या अचूक मापाच्या पोलादी नळ्यांचा कारखानाही त्याच समूहाने आवडीला काढला. नुसते बिल्ले ठोकायचे असते तर नळ्यांचा कारखाना कोणी काढला नसता.

मुंबईशी याचा धागा आहे तो वरळीच्या हिंद सायकल्सचा. ही कंपनी आणि सेन-रॅले या दोन्ही आर्थिक अडचणीत आल्यावर सरकारने 1980 मध्ये दोघींसाठी मिळून एकच राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. त्यातून वरळीला नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन आणि आसनसोलला सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया अशी सरकारी नावे आली. हे उद्योग पुढे बंद पडले ही वेगळी आणि दुःखाची गोष्ट आहे. संसदेने कायदा करून वाचवायला घेतलेल्या कारखान्यांना चिकटपट्टी लावणारी दुकाने म्हणणे चुकीचे आहे. आसनसोलच्या आणि नॉटिंगहॅमच्या सायकलीत पोलादाचा आणि मुलाम्याचा दर्जा एकसारखा होता असे मी म्हणत नाही. जुने दुरुस्तीवाले फरक सांगतात आणि तो हाताला जाणवतो. पण दर्जा कमी असणे आणि नकली असणे यात अंतर आहे.

कंपनी चिनी सायकलींनी बुडवली, हे तर काळाच्या हिशेबातच बसत नाही. ब्रिटनमध्ये मोटारी आणि स्कूटर सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या आणि 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथली सायकलींची मागणी घसरली. रॅलेने 1957 मध्ये बीएसएचा सायकल विभाग घेतला आणि 1960 मध्ये ती स्वतः ट्यूब इन्व्हेस्टमेंट्समध्ये विलीन झाली. त्या वेळी चिनी सायकल युरोपच्या बाजारात स्पर्धक नव्हती. 1987 मध्ये ती पुन्हा विकली गेली, 1999 मध्ये नॉटिंगहॅममध्ये फ्रेम बनवणे थांबले, 2000 मध्ये स्टर्मी-आर्चर तैवानच्या सनरेसकडे गेली आणि 2002 मध्ये नॉटिंगहॅमचा कारखाना बंद झाला. शेवटच्या टप्प्यात आशियातल्या स्वस्त उत्पादनाचा वाटा होताच, पण त्याआधीच्या तीन दशकांची घसरण त्याच्या नावावर टाकता येत नाही. रॅले हे नाव मेलेलेही नाही. 2012 मध्ये ते डच ॲक्सेल समूहाने घेतले. तीन वेगांचा एडब्ल्यूच्या वंशातला हब तैवानमध्ये पुढेही बनत राहिला, आणि ‘तंत्रज्ञान नव्हते’ या दाव्याला याहून सरळ उत्तर नाही.

राहिला भंगाराचा सल्ला. तो मानण्याआधी सायकल नीट पाहावी. पुढच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, इंग्लंड असे आहे का, पुढच्या चक्रात बगळ्यांची कातरलेली डोकी आहेत का, आणि मागचा हब साध्या हबपेक्षा जाड असून त्यावर एडब्ल्यू अशी अक्षरे कोरलेली आहेत का हे पाहावे. त्या अक्षरांजवळ आकडे असतात. ‘58 7’ असे असेल तर तो हब जुलै 1958 मध्ये तयार झालेला आहे. हब नंतर बदललेला असू शकतो, म्हणून हे वर्ष सायकलीचेच असेल असे नाही, पण अंदाज येतो. फ्रेमचा सर्वांत खालचा भाग, जिथे पायडलचा एक्सल बसतो, तिथे पाणी साचून आतून गंज धरतो. तो ठोकून पाहावा, आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला तर फ्रेम गेली असे समजावे. एक्सलच्या कपांना रॅलेने इंचाला 26 आटे ठेवले होते, इतर बहुतेक कंपन्यांचे 24 असतात, त्यामुळे बाजारातला दुसरा कप जोर लावून बसवू देऊ नये, आटे कायमचे जातात. 28 इंची, दीड इंच रुंदीचे टायर आणि ट्यूब आपल्याकडे आजही मिळतात, कॉटर (पायडलचा दांडा एक्सलला पक्का करणारी पाचर), छर्रे आणि ब्रेकचे गुटकेही मिळतात.

हब अडकला असेल तर त्यात ग्रीस भरू देऊ नये. ग्रीसने आतले बारीक खटके चिकटतात आणि चांगला हब निकामी झाल्यासारखा वाटतो. हबवर तेल सोडण्यासाठी छोटे झाकण असते. त्यातून चमचाभर पातळ तेल घालून चाक हाताने फिरवत ठेवावे आणि एक रात्र जाऊ द्यावी. वर्षानुवर्षे पडून राहिलेले हबही पुष्कळदा एवढ्याने मोकळे होतात. ज्यांच्या घरात जागाच नाही त्यांनी सायकल द्यावी, पण अख्खी द्यावी, हब, चक्र आणि ब्रेकच्या सळ्या वेगवेगळ्या काढून विकू नयेत, कारण दुसऱ्या एखाद्या रॅलेला चालती करण्यासाठी नेमके तेच भाग लागतात आणि ते नव्याने सहज मिळत नाहीत.